अर्धा मिलिमीटर गेला कुठे? जुन्या इंजिनाच्या क्रँकचा पेच

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझ्याकडे १९५०च्या दशकातली चार सिलिंडरची गाडी आहे. इंजिन तापलं की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा जवळजवळ तळाला जायचा आणि ॲक्सिलरेटर सोडला की खालून टकटक यायची, म्हणून इंजिन घरीच खोललं. तीन मेन बेअरिंग (ब्लॉकमध्ये क्रँकला पेलणारी) आहेत. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) आरशासारखा चकचकीत आहे, नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. पण डिजिटल व्हर्नियरने मोजल्यावर चारही क्रँकपिना (कनेक्टिंग रॉड बसतात त्या) ५०.२६ ते ५०.२७ मिमी भरतात, आणि पुस्तकात ५०.७८७ ते ५०.८०० दिलंय. म्हणजे अर्धा मिलिमीटर झिजला! मधल्या मेनच्या शेलमध्ये (बेअरिंगच्या अर्धगोल पातळ अस्तरात) तांब्याचा रंगही दिसतोय. ओळखीचे टर्नर म्हणतात, "सगळा क्रँक पुढच्या साइजला ग्राइंड करून टाकू, कटकट नको." मेव्हणे म्हणतात, "वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी गाडी. नवे शेल टाक आणि बंद कर." दुसरा क्रँक मिळण्याची आशा नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर:

नमस्कार.

आधी त्या अर्ध्या मिलिमीटरची भीती काढून टाकू. पिना अर्धा मिलिमीटर झिजेपर्यंत कुठलंच इंजिन तग धरत नाही. त्याच्या किती तरी आधी ते ठोके देऊन बंद पडतं. तुमचे जुने शेल टाकून दिले नसतील तर त्यातला एक उलटा करा, पाठ रॉकेलने स्वच्छ पुसा आणि उजेडात तिरपा धरून बघा. कंपनीच्या खुणेशेजारी ०२० किंवा ०.५० असा आकडा उमटलेला सापडण्याची दाट शक्यता आहे. तो अंडरसाइजचा आकडा, म्हणजे क्रँक मूळ मापापेक्षा किती बारीक केलाय ते. इंचाचे वीस हजारांश म्हणजे ०.५०८ मिमी. पुस्तकातल्या मापातून तेवढे वजा केले की पिनेचं माप येतं ५०.२७९ ते ५०.२९२. म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी हा क्रँक एकदा (किंवा दोनदा) ग्राइंड करून घेतलाय, आणि तुमचे ५०.२६–५०.२७ ताडून बघायचे ते या मापाशी. मग फरक उरतो एक ते तीन शतांश मिलिमीटरचा. शेलवर काहीच आकडा नसेल किंवा एसटीडी (स्टँडर्ड, मूळ माप) लिहिलं असेल, तर मात्र ते शेल या क्रँकचे नाहीतच, आणि ऑइल प्रेशर का पडत होतं याचं उत्तर तिथेच मिळालं.

पण या एक ते तीन शतांशांवरच क्रँकचा निकाल लागायचा आहे, आणि नेमके तेवढेच व्हर्नियरला सांगता येत नाहीत. पडद्यावर ०.०१ दिसतं म्हणून व्हर्नियर ०.०१ पर्यंत खरं बोलतं असं नाही. चांगल्या व्हर्नियरचीही चूक दोन-तीन शतांशांची असू शकते, शिवाय जबडे किती जोराने दाबले त्यावर आकडा हलतो. तुमचा सगळा प्रश्न हत्याराच्या चुकीत बुडून जातोय. इथे ५०–७५ मिमीचा बाहेरचा मायक्रोमीटर लागेल, सोबत शून्य तपासायची ५० मिमीची पट्टीही. (गंमत अशी की उद्या या पिना ०४० ला ग्राइंड झाल्या तर त्या ४९.७८ भरतील आणि हा मायक्रोमीटर कुचकामी ठरेल. तेव्हा २५–५० चा लागेल. विकत घेण्याऐवजी काही दिवसांसाठी मागून आणणं बरं.) क्रँक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा. गरम पाण्याने धुऊन लगेच मोजायला बसू नका. पोलादाची ५० मिमीची पिन ३० अंशांनी जास्त तापलेली असेल तर ती सुमारे ०.०१७ मिमीने मोठी भरते, म्हणजे तुम्ही शोधताय त्या झिजेच्या निम्म्याहून जास्त!

आता चकाकी आणि नखाबद्दल. नखाला ओरखडा कळतो, आकार कळत नाही. लंबगोल झालेली पिनसुद्धा आरशासारखी चकचकीत असू शकते, किंबहुना बहुतेक वेळा असतेच. पिनेवर जोर चहूबाजूंनी सारखा येत नाही. ज्वलनाचा दाब आणि पिस्टन-रॉडच्या वजनाची ओढ पिनेच्या ठरावीक बाजूंवरच फेऱ्यामागून फेऱ्या येत राहते, कारण पिन स्वतःच त्या जोराबरोबर फिरत असते. म्हणून क्रँकपिना लंबगोल होतात. मेन जर्नल (क्रँकचे मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) त्या मानाने गोल राहतात, त्यांच्या बाबतीत शेल जास्त झिजतात.

तेव्हा प्रत्येक पिनेची चार मापं घ्यायची. पिनेच्या दोन्ही टोकांशी, कडेची गोलाई (पिन क्रँकच्या हाताला मिळते तो वळणदार कोपरा) सोडून, एकेक जागा ठरवा. प्रत्येक जागी एक माप क्रँकच्या हाताच्या दिशेत आणि दुसरं त्याच्याशी काटकोनात. तेलाचं भोक टाळा. मायक्रोमीटर रॅचेटनेच बंद करा, मुठीने नाही. समजा तिसऱ्या पिनेचे आकडे असे आले: पुढे ५०.२७२ आणि ५०.२४१, मागे ५०.२७० आणि ५०.२३९. एकाच जागचे दोन आकडे वजा केले की लंबगोलपणा: ०.०३१. पुढचा-मागचा एकाच दिशेतला फरक म्हणजे टेपर: ०.००२. टेपर नगण्य आहे, लंबगोलपणा नाही. जुन्या गाड्यांसाठी दोन्हींची सर्वसाधारण मर्यादा ०.०२५ मिमी, म्हणजे इंचाचा एक हजारांश धरतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळी दिली असेल तर ती पाळा. अशी पिन व्हर्नियरवर ५०.२७ दाखवील, कारण व्हर्नियर जिथे सहज बसतं तिथेच माप घेण्याचा मोह होतो.

चारही पिना आणि तिन्ही मेन मिळून २८ आकडे होतात. कागदावर सिलिंडरच्या क्रमाने लिहा, दुसऱ्या दिवशी कागद न बघता परत मोजा. दोन दिवसांच्या आकड्यांत ०.००५ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर आधी हात बसवा, क्रँकबद्दल मत बनवायची घाई नको.

प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक तार मिळते, ती वापरावी का असा प्रश्न पुढे येईलच. वापरा. हिरवी तार ०.०२५ ते ०.०७६ मिमी क्लिअरन्ससाठी (पिन आणि शेल यांच्यातली फट), लाल ०.०५१ ते ०.१५२ साठी. पिन आणि शेल कोरडे पुसायचे, तार पिनेच्या लांबीच्या दिशेने ठेवायची, कॅप (बेअरिंगचा सुटा अर्धा भाग) पूर्ण टॉर्कला, म्हणजे पुस्तकात दिलेल्या जोराला, आवळायची आणि क्रँक तसूभरही न फिरवता परत खोलायची. चपट्या झालेल्या तारेची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघितली की क्लिअरन्स मिळाला. पण ही तार एका रेघेवरचीच फट सांगते. वरच्याच तिसऱ्या पिनेचं उदाहरण घ्या. नवे शेल बसवून, कॅप आवळून, आतून बोअर गेजने ५०.३३० माप आलं असं धरू. तार पिनेच्या जाड बाजूवर पडली तर क्लिअरन्स दिसेल ०.०५८, आणि तुम्ही खूश व्हाल. पाव फेरा फिरवून तीच तार पातळ बाजूवर ठेवली तर दिसेल ०.०८९. दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी हा जुना ठोकताळा लावला तर ५० मिमीच्या पिनेला ०.०५ च्या आसपास हवं. म्हणजे एकाच पिनेवर दोन उलट निकाल. म्हणून तार ही मायक्रोमीटरच्या निकालाची उलटतपासणी आहे, त्याला पर्याय नाही.

हे शतांश मोजायचं एवढं महत्त्व का, तेही सांगतो. फटीतून वाहून जाणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. थंड, घट्ट तेलात हे लपतं. तेल तापून पातळ झालं आणि पंप आयडलिंगच्या मंद वेगाने फिरू लागला की काटा खाली येतो. तुमच्या गाडीत हेच होत होतं. फक्त ही फट बेअरिंगमध्येच आहे असं गृहीत धरू नका. ऑइल पंपाच्या गिअरची टोकं आणि झाकण यांच्यातली फट सरळपट्टी ठेवून फीलर गेजने बघा. ०.१० मिमीच्या वर गेली असेल किंवा झाकणात गिअरने गोल चर पाडले असतील तर झाकण सपाट करून घ्या. जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली असेल, त्याच्या बैठकीत कचरा अडकला असेल. आणि कॅमशाफ्टची बेअरिंगं! ती खोलायला कटकटीची असतात म्हणून ठेवून दिली जातात, मग नव्या क्रँक-बेअरिंगांवरही प्रेशर येत नाही आणि दोष ग्राइंडिंगवाल्याला मिळतो.

आता जुने शेल. ते पिशवीत एकत्र पडले असतील तर शक्य तितके जागेवार लावा. लॉकची चिमटी कुठल्या बाजूला आहे आणि तेलाचं भोक आहे की नाही यावरून वरचा-खालचा ओळखता येतो. क्रँक काय म्हणतोय ते मायक्रोमीटर सांगतो, तो तसा का झाला ते शेल सांगतात.

तुमच्या मधल्या मेनमध्ये दिसणारा तांब्याचा रंग ऐकायला वाटतो तितका गंभीर नाही. पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर आणि सगळ्यात वर शिसे-कथिलाचा मऊ लेप अशी त्या काळच्या बऱ्याच शेलांची घडण असते. हा लेप जेमतेम ०.०१२ ते ०.०२५ मिमी जाडीचा. तो गेला की तांबूस रंग वर येतो. म्हणजे शेल बदलायलाच हवा, पण इंजिन उद्ध्वस्त झालं असा त्याचा अर्थ नाही. शिवाय चार सिलिंडरच्या इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात आणि दोघांची ओढ मधल्या मेनवर पडते. तीन मेनच्या क्रँकमध्ये मधला शेल इतरांपेक्षा थोडा जास्त खाल्लेला असणं स्वाभाविक आहे.

प्रश्न आहे तो कुठल्या अर्ध्यात खाल्लाय याचा. मधल्या मेनचे वरचा आणि खालचा दोन्ही अर्धे खाल्ले असतील आणि टोकाचे मेन त्या मानाने ठीक असतील, तर क्रँक वाकलेला असण्याचा संशय घ्या. वाकलेला क्रँक फिरताना शेलला सगळीकडून घासतो. एकाच अर्ध्यात, तोही एकाच बाजूला खाल्ला असेल, तर क्रँकपेक्षा ब्लॉकमध्ये शेल बसतात त्या बैठकांची रांग चुकलेली असू शकते. बिग एंडच्या (रॉडच्या क्रँकपिनेकडच्या टोकाच्या) शेलमध्ये वरच्या अर्ध्याची एक कड आणि खालच्या अर्ध्याची समोरची कड घासलेली दिसली तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. लांबीच्या दिशेने नाही तर गोलाकार बारीक ओरखडे आणि मध्येच रुतलेले चमकते कण म्हणजे तेलातली घाण. लेपाचे तुकडे निघून खड्डे पडलेत आणि खड्ड्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत, तर धातू थकलाय. काळपट, स्पंजसारखा पृष्ठभाग म्हणजे जुन्या तेलातल्या आम्लाने शिसं खाल्लं. शेल उलटा करून पाठही बघायला विसरू नका: पाठीवर एकच चमकता ठिपका दिसला तर शेलमागे कचरा अडकला होता, आणि पूर्ण पाठच पॉलिश झाली असेल तर शेल बैठकीत हलत होता.

वाकलाय की नाही हे घरीच बघता येतं. ब्लॉक उलटा ठेवा, पहिल्या आणि शेवटच्या मेनचेच शेल बसवून तेल लावा, मधला शेल काढून ठेवा. क्रँक अलगद त्या दोन शेलांवर ठेवा आणि डायल गेजचं टोक मधल्या जर्नलवर, तेलाच्या भोकापासून बाजूला टेकवा. हाताने सावकाश पूर्ण फेरा द्या. काटा एकूण ०.०५ मिमीच्या आत फिरला तर चालेल. त्याहून जास्त फिरला तर प्रत्यक्ष वाकणं त्या आकड्याच्या निम्मं असतं. फेऱ्यात काटा एकदाच वर जाऊन एकदाच खाली आला तर ते वाकणं. दोनदा वर, दोनदा खाली गेला तर जर्नल लंबगोल आहे. वाकलेला क्रँक सरळ करणं प्रेसवाल्या जाणकाराचं काम. ओतीव क्रँक सरळ करताना मोडू शकतो, त्यामुळे तो आधी ओतीव आहे की घडीव हे विचारणारा माणूसच निवडा.

इतक्या जुन्या इंजिनात आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय शेलची ऑर्डर देऊ नका: कॅपा. पूर्वी टकटक कमी करायला कॅपेचे सांधे कानशीने घासून फट कमी करण्याची पद्धत होती. त्याने आवाज तात्पुरता जातो, पण बैठक कायमची लंबगोल होते आणि पुढचे सगळे शेल त्या चुकीच्या भोकात बसतात. शेल काढून, कॅप टॉर्कला आवळून, बोअर गेजने उभं माप आणि सांध्याजवळचं आडवं माप घ्या. ०.०२५ पेक्षा जास्त तफावत असेल तर रॉडची बैठक दुरुस्त करून घ्यावी लागेल. सांध्यावर तिरप्या आडव्या रेघा दिसल्या तर कानस फिरली आहे हे मोजायच्या आधीच कळतं. नवा शेल बैठकीत दाबून बसवल्यावर सांध्याच्या पातळीपेक्षा दोन-चार शतांश वर राहायला हवा. तो मुद्दाम ठेवलेला असतो, कॅप आवळली की त्या दाबानेच शेल जागेवर घट्ट राहतो. "वर आलाय" म्हणून तो घासू नका.

आता टर्नर आणि मेव्हणे.

मेव्हण्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक आहे: कमी चालणारी गाडी कमी झिजते. किलोमीटरच्या हिशेबाने ते पटतं, पण बंद उभ्या गाडीत बेअरिंगवरचं तेल निथळून जातं, प्रत्येक स्टार्टला पहिले काही क्षण धातूवर धातू फिरतो, आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीतल्या) तेलात ओलावा व आम्ल साठत राहतं. नवा शेल गोल असतो. ०.०३१ लंबगोल पिनेवर तो चढवला तर तेलाचा थर फेऱ्यात दोनदा जाड-पातळ होतो, आणि मऊ लेप लवकर थकतो. मात्र चारही पिना ०.०२५ च्या आत गोल निघाल्या, नव्या शेलसह क्लिअरन्स ०.०७ च्या आत बसला आणि रनआउट (डायल गेजचा काटा फेऱ्यात एकूण किती फिरला तो) ठीक असला, तर मेव्हणे बरोबर आहेत. तेव्हा फक्त पॉलिश करा. तेलाचं भोक कापडाच्या बोळ्याने बंद करा, ४०० नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पिनेच्या रुंदीची पट्टी तेलात भिजवून एकदा गुंडाळा, तिच्यावर चामड्याची वादी दोन वेढे घालून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा, आणि क्रँक थोडा थोडा फिरवत राहा. एकाच जागी घासत बसलात तर जो लंबगोलपणा नव्हता तो तुम्हीच आणाल. पॉलिशने ०.००५ पेक्षा जास्त धातू जायला नको.

टर्नर म्हणतात ते सोयीचं आहे, पण प्रत्येक ग्राइंडिंग म्हणजे या क्रँकच्या मोजक्या आयुष्यांतलं एक खर्च. ०२० झालंय. पुढे ०३० आणि ०४०, काही इंजिनांना ०६० मिळतं. दुसरा क्रँक मिळणार नसेल तर ही उधळपट्टी गरजेशिवाय नको. ताकद कमी होईल ही भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते: ५०.८० ची पिन ४९.७८ झाली तर पिळाला तोंड देण्याची ताकद सुमारे ६ टक्क्यांनी घटते, एवढंच. क्रँक मोडतात ते व्यास कमी झाल्याने क्वचित, कडेची गोलाई बिघडल्याने बहुधा.

एक पिन जरी मर्यादेबाहेर असली तरी चारही पिना एकाच साइजला ग्राइंड करा. मिश्र साइजचे शेल पुढच्या माणसाची फसगत करतात. मेन मात्र चांगले असतील तर त्यांना हातही लावू नका. पिना ०४० आणि मेन ०२० असा क्रँक चालवण्यात काहीच गैर नाही.

आणि ग्राइंडिंग ठरलंच, तर क्रम उलटा करा. आधी शेल शोधा, मग क्रँक द्या. जुन्या इंजिनांच्या बाबतीत ०३० चे शेल बाजारात नसतात आणि ०४० चे असतात, किंवा बिग एंडला मिळतात पण मेनला मिळत नाहीत, असं सर्रास होतं. ०३० ला ग्राइंड करून मग शेल शोधत फिरणारे लोक कमी नाहीत. शेल हातात आले की प्रत्येक रॉडमध्ये बसवा, कॅप टॉर्कला आवळा, आतलं माप घ्या आणि त्यातून हवा तो क्लिअरन्स वजा करून पिनेचं माप टर्नरला लिहून द्या. शेलच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, खासकरून शेल वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेले असतील तर.

टर्नरला क्रँक देण्याआधी तडे तपासून घ्या. क्रँक दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकेच वाजवा. घडीव क्रँक घंटेसारखा घुमतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. पण घुमला म्हणून निर्धास्त होऊ नका. चुंबकीय कणांची तपासणी करून घ्याच, विशेषतः पिनेच्या कडेच्या गोलाईत आणि तेलाच्या भोकांभोवती. तडा निघाला तर ग्राइंडिंगचे पैसे तरी वाचतील.

टर्नरला तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर तीन गोष्टी द्या. कडेची मूळ गोलाई रेडियस गेजने मोजून तेवढीच ठेवायची: काटकोनी केली तर तिथून तडा जातो, जास्त मोठी ठेवली तर शेलची कड तिच्यावर चढते आणि पहिल्या काही तासांत जळते. तेलाच्या भोकांच्या तोंडाशी धार राहू द्यायची नाही, किंचित मोकळं करून पॉलिश करायचं. आणि क्रँकच्या आतल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून द्यायचे.

हे प्लग म्हणजे या सगळ्या कामातली सर्वांत दुर्लक्षित जागा. क्रँक फिरताना तेलातले जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पिनेच्या आतल्या वाटेत थिजून बसतात. वर्षानुवर्षांचा घट्ट, काळ्या लोण्यासारखा चिखल त्यात निघतो. त्यात ग्राइंडिंगची धूळ मिसळली आणि तशीच राहिली तर पहिल्याच स्टार्टला ती नव्या शेलमध्ये जाते. लांब बारीक ब्रश, रॉकेल, मग गरम साबणाचं पाणी, मग हवा. शेवटी पांढऱ्या कापडाची चिंधी तारेला बांधून वाटेतून ओढा. ती पांढरीच बाहेर येईपर्यंत थांबू नका. सुकताच तेल लावा, ग्राइंड केलेल्या पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. प्लग परत बसवल्यावर ठोकून किंवा लॉक करून पक्के करा.

ज्यांची इंजिनं याहून जुनी आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) आणि त्यानंतरच्या मॉडेल एसारख्या इंजिनांत सुटे शेलच नसतात, व्हाईट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट बैठकीत ओतलेलं असतं. तिथे कॅप आणि रॉडच्या सांध्यात पातळ पत्र्यांचे शिम असतात आणि दोन्ही बाजूंचा सारखाच शिम काढून फट कमी करता येते. हे ठीक आहे, पण पिन गोल असली तरच. लंबगोल पिनेवर शिम काढलात तर एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी जाम. व्हाईट मेटलवर बोटाने टिचकी मारा. भद्द आवाज आला किंवा दाबल्यावर कडेने तेल झिरपलं तर ते पाठीपासून सुटलंय, परत ओतून घ्यावं लागेल.

जोडताना मागच्या-पुढच्या हालचालीकडेही लक्ष द्या. क्रँक दांडीने पुढे-मागे ढकलून डायल गेज लावा, ०.०५ ते ०.२० मिमी ही नेहमीची मर्यादा. ही हालचाल रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरच्या तेलाच्या खाचा क्रँकच्या दिशेला हव्यात, ब्लॉककडे नाही. उलटे बसवलेले वॉशर जोडताना अगदी बरोबर वाटतात आणि काही दिवसांत पत्र्याएवढे पातळ होतात. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. एखाद्या कॅपेनंतर तो अचानक जड झाला तर तिथेच थांबा, पुढची आवळून "फिरता फिरता मोकळा होईल" म्हणू नका. कॅपा आपापल्या रॉडच्या, आपापल्या दिशेने. बोल्ट जुने ताणलेले असतील तर नवे. पहिल्या स्टार्टआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने काट्यावर प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवा, आणि पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला. तुमच्या बाबतीत ते वर्ष होईल, तर त्याआधी, दोन-तीन महिन्यांतच बदला.

तुमच्या पत्रात मायक्रोमीटरचा एकही आकडा नाही, म्हणून टर्नर की मेव्हणे याचं उत्तर आज देता येत नाही. तिसऱ्या पिनेचे आकडे मी वर उदाहरणासाठी घेतलेत. तुमचे चारही पिनांचे, मधल्या मेनचा रनआउट आणि शेलच्या पाठीवर काय लिहिलंय ते कळवा.